सामानापाशी कोणीतरी हवं

नीलकंठ खांबेटेला अमेरिकन फुटबॉल शेवटपर्यंत धड कळला नाही. हेल्मेट घातलेली, खांद्यांना उशा बांधल्यासारखी दिसणारी पोरं समोरासमोर वाकून उभी राहायची, एकदम एकमेकांवर आदळायची, चेंडू दोन-चार पावलं सरकला की शिट्टी वाजायची आणि सगळी पुन्हा गोल करून मीटिंग घ्यायची. आठवडाभर ऑफिसात हेच बघणाऱ्या माणसाने रविवारीही हेच बघायला का जावं, असं कोणीही विचारलं असतं. पण नीलकंठ जायचा. सप्टेंबर उजाडल्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत, तोक्योतल्या एका जुन्या विद्यापीठाच्या स्टेडियमवर त्यांच्या संघाचा सामना असला की हा तिथे हजर. अशी सात वर्षं त्याने काढली.

ते त्याचं विद्यापीठ नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याचं कुठलंच नव्हतं. बारावीला मार्क कमी पडले म्हणून तो पुण्यात डिप्लोमाला गेला, पदवी नोकरी करता करता बाहेरून घेतली, आणि कॉम्प्युटर शिकला तो अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. तिथे ना ग्राउंड, ना कँटीन, ना गॅदरिंग. बारावीचा निकाल लागला तेव्हा त्याचे वडील, नाना, कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. पुढे कामात तो पक्का निघाला, २००१ साली जपानला माणसं पाठवणाऱ्या एका कंपनीने त्याला उचललं तेही कामाच्याच जोरावर. पण तो राहायचा त्या तोक्योशेजारच्या ग्योतोकुत कोणाकडे गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या वाट्या हातात आल्या, की जमलेल्या इंजिनिअरांतला एखादा हमखास विचारायचा, "सीओईपी का व्हीआयटी?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. नीलकंठ मात्र आपली वाटी घेऊन बाल्कनीत जायचा.

तो ज्या जपानी कंपनीत कंत्राटावर काम करत होता, तिथे त्याच्या खात्याचे प्रमुख हिराओका-सान. गोल चेहऱ्याचे, मोठ्याने हसणारे, दोन बिअरनंतर लालबुंद होणारे. ते या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. तरुणपणी तिथल्या संघात खेळलेले, आणि त्यांचा एक गुडघा तेव्हापासून वाकत नव्हता. पहिल्याच शरदात ऑफिसच्या पार्टीत ते नीलकंठला म्हणाले, "निरू-सान, रविवारी स्टेडियमवर या." 'नीलकंठ' उच्चारताना सगळ्या खात्याची जीभ अडखळायची, म्हणून त्याचं निरू झालं होतं. घरात त्याला नीलू म्हणत, त्यामुळे निरू त्याला चटकन आपलं वाटलं.

स्टेडियम दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेलं. काँक्रीटच्या पायऱ्यांना बसून बसून खळगे पडलेले, मागच्या भिंतीवर वेल चढलेली, आणि प्रवेशद्वारापाशी काळवंडलेल्या जुन्या संघांचे फोटो. पहिल्या सामन्यात नीलकंठला काय चाललंय ते कळेना. शेजारचे ओरडले की तो ओरडायचा, ते कण्हले की हा गप्प बसायचा. संघ हरला. नीलकंठ उठायच्या बेतात होता, तर सगळं स्टँड उभं राहिलं, बाया-माणसं, टकले, पांढऱ्या केसांचे म्हातारे, सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले आणि विद्यापीठाचं गाणं सुरू झालं. डावीकडून हिराओका-सानचा हात आला, उजवीकडून एका अनोळखी आजोबांचा. झुलत झुलत गाणं चाललं होतं. नीलकंठला एक शब्द येत नव्हता, तरी तोही झुलत राहिला. त्याच्या खांद्यावर असा हात कधी कोणी टाकला नव्हता.

त्या आठवड्यात त्याने गाणं पाठ केलं. सगळी कडवी. लवकरच त्याची बायको विभासुद्धा ओट्यापाशी ते गुणगुणायला लागली, कारण घरात दुसरं काही ऐकूच यायचं नाही.

आता जागा धरण्याची गोष्ट. माजी विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये आरक्षण नसायचं, पण प्रत्येक कंपूची ठरलेली जागा असायची, आणि ती टिकवायला कोणीतरी भल्या पहाटे रांगेत उभं राहून, फाटक उघडताच धावत जाऊन पायऱ्यांवर निळं प्लास्टिक अंथरायचं, चिकटपट्टी लावायची, त्यावर हिराओका-सानच्या कंपूचं नाव लिहायचं आणि मंडळी येईपर्यंत राखण करायची. हे काम कंपूत नव्याने आलेल्याचं. त्या वर्षी नवा नीलकंठ होता, म्हणून ते त्याच्याकडे आलं. ग्योतोकुहून पहिली गाडी पकडून, पाठीवर प्लास्टिकची गुंडाळी घेऊन तो गेला, आणि अशी काही मोक्याची जागा धरली की म्हातारे खूष झाले. मधल्या सुट्टीत बिअर आणली, कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून गरम चहाचे डबे आणले, निघताना कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरला, प्लास्टिक झटकून घडी घातली. हिराओका-सान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "निरू-सान आहे म्हणून निर्धास्त असतो."

हे वाक्य नीलकंठने घरी येऊन विभाला तीनदा सांगितलं.

त्याच्या डोक्यात कसब्यातल्या मंडळाचं गणित होतं. त्यांच्या आळीतला चंद्रहास लहानपणापासून मांडवात सगळ्यांत आधी येऊन सतरंजी अंथरायचा आणि सगळे गेल्यावर ती झटकून उचलायचा. बाकीची पोरं मिरवणुकीपुरती उगवायची. पुढे वर्गणीदार बदलले, नगरसेवक बदलले, पण मंडळ म्हणजे चंद्रहास हे समीकरण पक्कं झालं, आणि एका वर्षी लोकांनी त्यालाच अध्यक्ष केलं. राबतो त्याचं मंडळ, हे नीलकंठने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ते कसब्यात खरंही होतं. तोक्योत, सुमिदा नदीच्या काठी, तसं नसेल, असं त्याच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी खात्यात एक नवा मुलगा लागला. एक मोसम तो नीलकंठबरोबर पहाटे येऊन उभा राहिला, जांभया देत प्लास्टिकचं एक टोक धरायला शिकला, आणि पुढच्या वर्षी तो सामना सुरू होताना इतरांबरोबर निवांत येऊन बसला. मग दुसरा आला. मग आणखी एक. प्रत्येक जण वर्षभर टोक धरायचा आणि वरच्या पायरीवर जाऊन बसायचा. नीलकंठला वाटायचं, या पोरांना चिकाटी नाही.

२००६ मध्ये मोरी आला. सरळ, लाजाळू, चष्मेवाला मुलगा. त्याला हे बघवेना. मोसम संपताना तो हिराओका-सानना नीलकंठसमोरच म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून जागा मी धरतो. निरू-साननी इतकी वर्षं केलं." हिराओका-सान हसून म्हणाले, "अरे, निरू-सान त्यातला उस्ताद आहे. तू आपला गाण्याकडे बघ, तुला अजून तिसरं कडवं येत नाही." सगळे हसले, आणि नीलकंठ सगळ्यांत मोठ्याने हसला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो जिंकून आल्यासारखा.

"मोरी मागत होता माझं काम," तो बूट काढता काढता म्हणाला. "बुचोंनी चक्क नाही म्हणून सांगितलं."

'बुचो' म्हणजे खात्याचे प्रमुख. विभा कुकरची शिटी काढत होती. ती म्हणाली, "मोरी कुठे बसतो आता?"

"बुचोंच्या शेजारी. त्यांना स्कोअर लिहून ठेवायला लागतो कोणीतरी."

"आणि तू?"

"मी कडेला. म्हणजे बिअर आणायला पटकन उठता येतं."

विभाने कुकरचं झाकण काढलं. ती मूळची साताऱ्याची, बँकेतली नोकरी सोडून आलेली, आणि स्टेडियमवर तिने आजवर पाय ठेवला नव्हता. दर वर्षी दिवाळी या मोसमात यायची आणि दर वर्षी एक तरी फराळाचं बोलावणं नीलकंठच्या फुटबॉलपायी चुकायचं, म्हणून तिच्या मनात त्या खेळाविषयी जे होतं ते काही चांगलं नव्हतं.

"सतरंज्याच उचलायच्या होत्या," ती म्हणाली, "तर कसबा काय वाईट होता?"

नीलकंठ चिडला. तुला इथलं वातावरण कळत नाही, म्हणाला. इथे माणसं बोलून दाखवत नाहीत, विश्वास टाकतात, म्हणाला. मग न जेवताच आंघोळीला गेला आणि तिथून नेहमीपेक्षा मोठ्याने गाणं ऐकू आलं.

२००८ च्या उन्हाळ्यात बातमी आली की जुनं स्टेडियम पाडणार. त्या मोसमातला शेवटचा सामना हा तिथला शेवटचाच, आणि तो संपल्यावर इतकी वर्षं स्टँडमध्ये बसणाऱ्या सगळ्यांनी खाली ग्राउंडवर उतरायचं, संघाबरोबर उभं राहून गाणं म्हणायचं, आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो निघायचा. तो नव्या स्टेडियमच्या प्रवेशद्वारापाशी लागणार होता, कायमचा. हिराओका-साननी खात्यात जाहीर केलं, "सगळ्यांनी या. घरच्यांनाही आणा."

नीलकंठच्या अंगात वारं शिरलं. त्याने रात्री पुण्याला फोन लावून नानांना सांगितलं. नाना ऐंशीच्या घरात गेले होते, दारूगोळा कारखान्यातून रिटायर होऊन जमाना झाला होता. त्यांना फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तोच ठाऊक, पण युनिव्हर्सिटी हा शब्द त्यांनी बरोबर पकडला.

"युनिव्हर्सिटीत लावणार तुझा फोटो?"

"सगळ्यांबरोबर, नाना. मोठा ग्रुप फोटो आहे."

"तरी भिंतीवरच ना?"

"भिंतीवरच."

नानांनी 'भिंतीवर' हा शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग म्हणाले, "चांगलं झालं रे." दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला ते कळलं होतं. चंद्रहासने फोन करून अभिनंदनसुद्धा केलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेत बँका बुडाल्या, ऑफिसात कोणाचं कंत्राट राहील आणि कोणाचं जाईल याची कुजबुज सुरू झाली, ग्योतोकुची दोन बिऱ्हाडं सामान आवरून परत गेली. नीलकंठला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्याला तो फोटो हवा होता. हिरवळीवर, हिराओका-सानच्या खांद्यावर हात टाकून उभं असलेलं आपलं रूप तो डोळे मिटून बघायचा. बाकीचं मग बघून घेता आलं असतं.

मुलीला, ईश्वरीला, यायचं नव्हतं. ती पाच वर्षांची असताना जपानला आली होती, आता सातवीत, म्हणजे तिथल्या मिडल स्कूलच्या पहिल्या वर्षाला होती, आणि व्हॉलीबॉलच्या क्लबात गेली होती. मराठी तिला कळायचं सगळं, बोलताना मात्र शब्द शोधावे लागत, म्हणून ती बहुतेक जपानीतच उत्तरं द्यायची. रविवारी प्रॅक्टिस असते, ती म्हणाली. नीलकंठ आवाज चढवणारा बाप नव्हता. तो नुसता म्हणाला, "एकदाच ये. परत असं होणार नाही." मग ती तयार झाली.

शेवटच्या रविवारी चांगलीच थंडी होती. नीलकंठ अंधार असतानाच गेला. फाटकावर कधी नव्हे इतकी रांग, तरी त्याने जागा धरली, तीच, वर्षानुवर्षांची, मधल्या रेषेच्या बरोबर समोरची. चिकटपट्टी गारठून चिकटेना, तेव्हा ती काखेत धरून गरम केली. दुपारी विभा आणि ईश्वरी आल्या. विभाने नीलकंठच्या हट्टासाठी जांभळी पैठणी नेसली होती, वर जाड कोट. कंपूतल्या म्हाताऱ्यांनी उठून उठून तिला नमस्कार केले. "निरू-सानचे फार उपकार आहेत आमच्यावर," जो तो म्हणत होता, आणि नीलकंठ विभाकडे 'बघ, म्हटलं ना' अशा नजरेने बघत होता. विभालासुद्धा वाटलं, आपणच चुकलो असू. इतकी वर्षं या माणसाचा उगाच छळ केला, असंही तिला वाटलं.

सामना संघाने जिंकला. शेवटच्या काही मिनिटांत काहीतरी मोठं घडलं, सगळे उड्या मारायला लागले, हिराओका-सान वाकत नसलेल्या गुडघ्यासकट नाचले. मग भोंग्यावरून सूचना आली, मंडळींनी शांतपणे खाली उतरावं. स्टँड हलू लागलं. नीलकंठने कोटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला, आणि प्लास्टिकच्या कडेला उभा राहिला.

हिराओका-साननी आपली बॅग त्याच्या पायाशी ठेवली.

"निरू-सान, सामानापाशी कोणीतरी हवं. गर्दी आहे आज. नेहमीप्रमाणे, हं." त्यांनी त्याच्या दंडावर प्रेमाने थोपटलं. मग विभाकडे वळून, अर्धं वाकून, अतिशय अदबीने म्हणाले, "ओकुसान," म्हणजे वहिनी, "तुम्ही या ना. मुलीलाही आणा. ही साडी फोटोत आलीच पाहिजे."

हिराओका-सान वाईट माणूस नव्हते, हेच तर कठीण होतं. वाईट असते तर त्यांना कळलं असतं आपण काय केलं ते. पाहुण्यांना पुढे न्यावं आणि बॅगांपाशी नेहमीचा माणूस ठेवावा, यात त्यांना दुसरं काही दिसलंच नाही. मागून येणाऱ्या एकेकाने आपापल्या बॅगा, थर्मास, छत्र्या आणून ठेवल्या. "बघाल ना," म्हणत, आभार मानत, माना लववत मंडळी उतरत गेली. नीलकंठच्या भोवती ढीग झाला.

ईश्वरी जागची हलली नव्हती. ती जपानीत म्हणाली, "बाबा, हे पहिल्या वर्षाच्या मुलांचं काम आहे."

"हं?"

"आमच्या क्लबात मी करते हे. सेनपाईंच्या, म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलींच्या, बॅगा राखायच्या, बॉल गोळा करायचे. एप्रिलमध्ये नव्या मुली आल्या की त्या करतील, मी नाही करणार." मग जणू हिशेब जुळत नसल्यासारखी बघत म्हणाली, "तू सात वर्षं करतोयस?"

"त्यांचा विश्वास आहे माझ्यावर," नीलकंठ म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच पातळ वाटला. "तुम्ही जा. आई एकटी कशी जाईल? जा, जा लवकर."

विभाला जायचं नव्हतं. पण खाली चार-सहा माणसं तिची वाट बघत अदबीने उभी होती आणि नीलकंठ हाताने जा जा करत होता. नाही म्हटलं असतं तर तिथेच काहीतरी फुटलं असतं. ती पदर सावरत, ईश्वरीला हाताशी धरून उतरली.

नीलकंठ बॅगांपाशी उभा राहिला. त्याला अजून वाटत होतं की हे इतक्यावर संपणार नाही. बुचोंच्या लक्षात येईल. ते खालून हात करतील, "निरू-सान!" अशी हाक मारतील, राहू देत त्या बॅगा म्हणतील. त्याने ते कसं म्हणतील तेही मनात ऐकलं. एवढ्यात पायऱ्यांवरून कोणीतरी धावत वर आलं. मोरी होता, धापा टाकत.

"मी थांबतो," मोरी म्हणाला. "निरू-सान, तुम्ही जा. अजून रांगा लावतायत, वेळ आहे. प्लीज."

तेव्हा नीलकंठने जायला हवं होतं. पायऱ्या उतरून, कुंपणाच्या फटीतून, हिरवळीवर. पण मोरीने सांगितलं म्हणून कसं जाणार? काम बुचोंनी सोपवलेलं. ते असं कोणाच्याही हाती टाकून गेलो, तर इतक्या वर्षांचं काय राहिलं? कसब्यातला चंद्रहास मांडव सोडून गेला असता का? आणि बुचोंनी स्वतः बोलावलं तर त्या जाण्याला काही अर्थ, असंही कुठेतरी होतंच.

"नाही, नाही. मला सांगितलंय त्यांनी," तो म्हणाला. "तू जा. तिसरं कडवं विसरू नकोस."

मोरी हसला नाही. कमरेतून खाली वाकून त्याने नमस्कार केला, आणि उतरून गेला. खाली हिराओका-सान सरकले, मोरीला शेजारी जागा करून दिली, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. वर कोणी पाहिलं नाही. मोरी वर का गेला होता, एकटाच का परत आला, हे कोणी विचारलेलं दिसलं नाही. फोटोवाला शिडीवर चढला. गाणं सुरू झालं.

नीलकंठने म्हणायला सुरुवात केली. सवयीने दोन्ही हात बाजूंना उचलले गेले, आणि बाजूंना कोणी नव्हतं. डावीकडे छत्र्या होत्या. त्याने हात खाली घेतले. पहिलं कडवं संपायच्या आत त्याला सगळं समजलं, एकेक वर्ष, एकेक पोरगा, वरच्या पायरीवर जाऊन बसलेला. आपण यांच्यातले जुने नव्हतो. आपण सगळ्यांत नवे होतो, आणि मेलो तरी नवेच राहिलो असतो. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती लाज, आणि ती अशी की त्याने मान वळवून आजूबाजूला कोणी बघत तर नाही ना ते पाहिलं. मग तो प्लास्टिकवर बसला. खाली हजारो माणसं झुलत होती आणि मधोमध विभाची जांभळी साडी स्पष्ट दिसत होती.

तिघं परतीच्या गाडीत बसली. विभाला खूप काही बोलायचं होतं, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच ती एक शब्द बोलली नाही. नीलकंठने तेवढ्यावरून ओळखलं की तिलाही सगळं समजलंय.

दोन आठवड्यांनी मोरीने फोटो सगळ्यांना मेल केला. नीलकंठने तो उघडला आणि मिटला. पण नाना सोडेनात. दर फोनला पहिला प्रश्न तोच, आला का फोटो? आळीतले विचारतायत. शेवटी एका संध्याकाळी नीलकंठने तो चंद्रहासला पाठवून दिला. त्याचा हिशेब साधा होता. नानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, फोटोत हजार डोकी नखाएवढी. विभाची साडी दिसेल, तिच्या जवळपासचं कुठलंही काळं डोकं ते मुलाचं म्हणून धरून चालतील.

चंद्रहास कामाचा माणूस. त्याने फोटो लक्ष्मी रोडवर नेऊन भला मोठा छापून घेतला, फ्रेम केला, आणि नानांच्या पलंगासमोर भिंतीवर टांगला.

रविवारी फोन वाजला तेव्हा नीलकंठ जमिनीवर बसून ईश्वरीच्या सायकलची चेन चढवत होता. हात काळे झालेले, म्हणून ईश्वरीनेच फोन उचलून स्पीकरवर टाकला. विभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"कोण, ईशू का?" नानांचा आवाज सगळ्या खोलीत भरला. "अगं, काय सुंदर फोटो! तू दिसलीस. सूनबाई दिसली, साडी ओळखली मी. तुझा बाबा काही सापडेना. सकाळपासून भिंग घेऊन बसलोय. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली, एकेक तोंड बघत गेलो. चंद्रहासने पण बघितलं. कुठे उभा आहे गं तो?"

नीलकंठने मान खाली घातली आणि चेन उगाचच पुन्हा काढली. उत्तर त्यालाच द्यायला हवं होतं. 

ईश्वरीने एकदा बापाकडे बघितलं. मग फोन तोंडाजवळ धरून, शब्द शोधत, तिच्या त्या तुटक मराठीत ती म्हणाली, "आजोबा, फोटो... फोटो बाबानी काढला."

"हात्तिच्या!" नाना जोरात हसले. "म्हणजे कॅमेरा त्याच्या हातात होता! आणि मी वेडा शोधतोय. म्हणूनच इतका सरळ आलाय. बघ हं, एवढी सगळी माणसं आणि काम दिलं कोणाला तर आपल्या नीलूला. सांगतो आता आळीत."

"हो, आजोबा," ईश्वरी म्हणाली.

तिने फोन नीलकंठच्या तोंडासमोर आणून धरला, त्याचे हात खराब होते म्हणून. तिच्या चेहऱ्यावर कसला रागही नव्हता, कीवही नव्हती. ग्राउंडवर त्याला कोणी बोलावलं नाही याचं एवढं वाटलं नव्हतं, तेवढं त्याला आता वाटलं. त्याच्या मुलीला त्याच्यासाठी खोटं बोलावं लागलं होतं, आणि शब्द तुटक असले तरी ते तिच्याजवळ आधीच तयार होतं. स्टेडियमवरच्या त्या रविवारपासून ती मनाशी हे उत्तर जुळवून बसली असणार, हे त्याच्या ध्यानात आलं.

"नीलू, आहेस ना?" नाना पलीकडून विचारत होते. "पुढच्या वेळी कॅमेरा दुसऱ्या कोणाकडे दे रे. तू पण दिसायला हवास."

"हो नाना," नीलकंठ म्हणाला.